ओळखीची जागा

वाऱ्याने छत्री उलटी झाली म्हणून ती समोर दिसलेल्या फाटकातून आत शिरली. आत ओल्या मातीचा वास होता, काचेच्या छपरावर थेंबांची टपटप होती, आणि कोपरापर्यंत माती लागलेला एक नर्सरीवाला होता. त्याने काही न विचारता तिच्या छत्रीच्या काड्या सरळ करून दिल्या.

"काही हवंय?"

"हो... म्हणजे, एखादं झाड."

"कुठलं?"

"न मरणारं."

तो हसला. झालं! तिचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

त्याला आठ महिने झाले. ती रुग्णालयात वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवायची. दिवसभर इतरांना "घाई नको, शब्द येईल" म्हणायची, आणि संध्याकाळी नर्सरीत पाऊल टाकलं की तिचीच दातखीळ बसायची. खताबद्दल काहीतरी विचारायची, पानं कुरवाळायची... आणि निघायची.

मग एका मंगळवारी बसमध्ये तिचा फोन चोरीला गेला. मागे उभ्या असलेल्या चोराने कुलपाचा आकडाही पाहून ठेवला होता. फोनचं तिला काही वाटलं नाही. पण त्याला जोडलेल्या ऑनलाइन खात्यात मावशीचा आवाज होता. तिला लहानाची मोठी करणाऱ्या मावशीच्या घशाची शस्त्रक्रिया व्हायची होती, तेव्हा दोघींनी बसून गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या. आता मावशी पाटीवर लिहून बोलायची.

मावसभाऊ, तिचा दादा, संगणकाच्या कामातला. त्याने तिला नवा फोन आणून दिला.

"रडू नकोस गं. चोराने सहा वेळा खटपट केलीय, पण डाळ शिजली नाही. तुझ्या नेहमीच्या जागेबाहेर आकडा बरोबर असला तरी खातं उघडत नाही, तसंच करून ठेवलंय मी. आता हा फोन घेऊन तू तशा जागी दहा मिनिटं थांब, म्हणजे चोराचा फोन कायमचा बाहेर."

"मग घरी थांबते."

"घर परवा बदललंत. नव्याची खात्याला अजून ओळख नाही. रुग्णालयात शंभर माणसं येतात, म्हणून ती जागा मी धरलीच नाही. एकच उरलीय... नदीकाठची नर्सरी?"

ती कानापर्यंत लाल झाली. "झाडं घेते मी तिथे."

नर्सरीत पोहोचली तेव्हा धाप लागली होती. तिने नर्सरीवाल्याला कसंबसं सगळं सांगितलं. त्याने लाकडी बाक पुसून दिला आणि शेजारी उभा राहिला. पडद्यावर एक निळा ठिपका हलकेच धडधडत होता.

दादाचा फोन आला. घाईत तिचं बोट भलतीकडेच पडलं आणि स्पीकर सुरू झाला.

"पोहोचलीस? अगं, इथे नोंद दिसतेय. आठ महिन्यांत एकशे बारा वेळा! दर वेळी पाऊण तास! आणि घरात कुंड्या किती, तर तीन! खरं सांग, तिथे नक्की आहे तरी कोण?"

तिने कॉल तोडला. आता धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. नर्सरीवाला खाली वाकून नसलेलं तण उपटत होता.

तेवढ्यात ठिपका हिरवा झाला. खातं उघडलं. तिने पहिलं रेकॉर्डिंग लावलं, आणि काचघरात मावशीचा आवाज घुमला, "ए बाई, आधी जेव, मग बोल!" ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. त्याने मातीचा हात शर्टाला पुसला आणि तिच्या हातावर ठेवला.

"एक सांगू?" तो म्हणाला. "नर्सरी पाच वाजता बंद होते."

"पण मी तर नेहमी साडेपाचला..."

"हो."

छपरावर पाऊस वाजत राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, या वेळी नजर न चुकवता.

"मला झाडांतलं काही कळत नाही हो," ती म्हणाली. "मी तुम्हाला बघायला येते."

तो नुसता बाकावर तिच्या शेजारी सरकून बसला, आणि बराच वेळ दोघंही उठली नाहीत.