मेंगियाचं वळण

ऑक्टोबर सरत आला, की त्या खोऱ्यात एक काम ठरलेलं असे. घाट बंद व्हायच्या आत रस्त्याच्या कडेने उंच लाकडी खांब रोवायचे. हिवाळ्यात वर दोन-तीन पुरुष बर्फ साचतं, आणि वसंतात ते उपसणाऱ्या यंत्रांना खाली रस्ता कुठे आहे हे या खांबांच्या शेंड्यांवरूनच कळतं. हे काम दुरीचं. रस्तेखात्याची नारिंगी जीप घेऊन तो कित्येक वर्षं वर जात होता, आणि त्यात त्याच्या बायकोने, लदिनाने, मनाला लावून घ्यावं असं खरं तर काही नव्हतं.

पण लदिनाने लावून घेतलं होतं. कारण शेवटचा खांब दुरी दरवर्षी एकाच दिवशी रोवायचा, आणि तोही एकाच वळणावर. रोवून झाला की तिथेच जीपमध्ये बसून राहायचा. त्या वळणाला नकाशात नाव नाही. गाव मात्र त्याला मेंगियाचं वळण म्हणतं. मेंगिया म्हणजे दुरीची पहिली बायको.

मेंगिया घाटातली पिवळी बस चालवायची. त्या रस्त्यांवर या बसचा मान मोठा. आंधळ्या वळणापाशी ती तीन सुरांचा भोंगा देते, आणि तो ऐकू आला की समोरच्याने, मग तो कुणी का असेना, गाडी मागे घेऊन रुंद जागेत उभी करायची आणि बसला वाट द्यायची. बसवाल्याने हाताने खूण केली तर ती मानायची. तिथली पोरं हे चालायला शिकताना शिकतात. मेंगिया मेली ती मात्र उलट्या कारणाने. समोरून आलेला कुणी पाहुणा दरी बघून गाडीत थिजला होता, त्याला मागे जाता येईना. बस रिकामी होती. मेंगियाने स्वतःच ती मागे घेतली, आणि मागच्या चाकाखालची कड ढासळली. पाहुणा वाचला. मेंगिया खोऱ्याची देवी झाली.

आता देवीच्या जागी संसार थाटणं किती कठीण असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. सवत जिवंत असती तर लदिनाने तिला तोंडावर चार शब्द सुनावले असते. मेलेली सवत म्हातारी होत नाही, तिचं सूप खारट होत नाही, ती कधी चिडत नाही. नऊ वर्षं लदिना त्या घरात राबत होती आणि नऊ वर्षं तिला वाटत होतं, की आपण कुणाच्या तरी जागेवर तात्पुरत्या बसलोय.

त्या दिवशी दुरी जेवायला आला नाही. लदिना काम करायची त्या बेकरीत शेजारची बार्बलाकाकू पाव घ्यायला आली होती. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

"दुरी अजून वरच ना? असू दे गं. आज मेंगियाचा दिवस."

"ठाऊक आहे मला," लदिना म्हणाली.

"सकाळी जाताना दिसला. चेहरा पांढराफटक, हात छातीवर. म्हटलं, दुसरं लग्न होऊन नऊ वर्षं झाली तरी हा गडी अजून झुरतोय. असं प्रेम आता कुठे बघायला मिळतं सांग."

लदिनाने पावाची पिशवी काउंटरवर जरा जोरातच ठेवली. मग ती एप्रन काढून घरी गेली, जवाचं सूप थर्मासमध्ये भरलं आणि गाडीत बसली. नवऱ्याला गरम सूप नेऊन द्यायला कोण नको म्हणेल? पण तिला त्याला पकडायचं होतं. तिथे बसून तो काय करतो, कुणाशी बोलतो, चेहरा कसा करतो, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

घाटाच्या पायथ्याशी फाटक होतं, आणि फाटकावर गाउदेंत्स. एके काळी तोही बस चालवायचा.

"कुठे निघालीस, लदिना? संध्याकाळी फाटक पाडायचंय मला."

"दुरीला सूप द्यायला."

"सूप द्यायला निघालेली बाई तोंड इतकं आंबट करत नाही."

"तू फाटक सांभाळ. माझं तोंड मी सांभाळते."

तो हसला, पण दांडा उचलताना त्याने वर नजर टाकली. "धुकं उतरतंय बघ. सावकाश जा. बस कालपासून बंद आहे, तेव्हा समोरून कुणी यायचं नाही. वर फक्त दुरी आहे."

खालची लार्चची झाडं पिवळीधमक झाली होती. उन्हाळ्यात याच वळणांवर परदेशी पाहुणे फोटो काढायला गाड्या आडव्या घालतात, आज तिथे चिटपाखरू नव्हतं. गाई केव्हाच खाली गेल्या होत्या. झाडं संपली, मग हिरवळ संपली, आणि नुसता दगड उरला. चौथ्या-पाचव्या वळणावर धुक्याने गाडीला गिळलं. आवाजसुद्धा बुजले. काचेवरचा पुसणारा दांडा तेवढा कुरकुरत होता. लदिना पुढे वाकून चालवत होती, आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती.

तेवढ्यात वास आला. तापलेल्या ब्रेकचा. मोठी गाडी उतार उतरून आली की येतो तसा.

आणि मग वरच्या वळणाआडून भोंगा आला. तीन सूर.

लदिनाचा पाय ब्रेकवर पडला, हात आपोआप मागच्या गिअरकडे गेला. गाडी दोन हात मागे सरकलीही. मागे, अगदी जवळच, रुंद जागा होती. बस बंद आहे, हे तिला त्या क्षणी आठवलंच नाही. कानाने ऐकलं आणि अंगाने मानलं.

धुक्यात दोन दिवे उमटले. उंचावर, एकमेकांपासून लांब. त्यांच्यामागे पिवळा रंग हळूहळू दाट होत गेला. बस वळणाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. काचेआड चालकाच्या जागी अंधार होता, स्टिअरिंगच्या चाकावर फक्त दोन हात दिसत होते. पण बाजूच्या खुर्चीत बसलेला माणूस लदिनाला नीट दिसला.

दुरी.

डोकं मागे टेकलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ जरासे उघडे. सारा भार त्याने त्या खुर्चीवर आणि त्या चालवणाऱ्या हातांवर सोडून दिला होता. घरी आपल्या शेजारी तो असा कधी विसावला नव्हता, एकदाही नाही. बस कुठली, ती चालवतंय कोण, हे प्रश्न लदिनाच्या संतापात जळूनच गेले. उरलं एवढंच, की माझा नवरा तिच्या शेजारी बसलाय.

भोंगा पुन्हा वाजला. हलकेच, विनवल्यासारखा. चाकावरचा एक हात उचलला गेला आणि त्याने खूण केली... जरा मागे घे.

लदिनाने हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. हाताची घडी घातली.

"नाही घेत," ती म्हणाली. काच बंद होती, समोर कुणाला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. "नऊ वर्षं तुलाच वाट देतेय मी. आज तू हो मागे."

तिसऱ्यांदा भोंगा वाजला. या वेळी घाईने, सूर एकमेकांत अडखळत. मग तो हात चाकावरून निघाला आणि दुरीच्या छातीवर टेकला. तिथेच थांबला. लदिनाने ते पाहिलं आणि दात आवळले. बाजूने वाट मिळेल म्हणून बस थोडी पुढे आली, पण रस्ता अरुंद होता. लदिनाची गाडी मधोमध उभी होती.

बराच वेळ गेला. मग बस मागे जाऊ लागली. त्या वळणावर, त्या धुक्यात, सरळ, एका रेषेत. तसं मागे जाणं कुणा येरागबाळ्याचं काम नव्हतं. दुरीचं डोकं तेवढं काचेच्या बाजूला कलंडलं. दिवे फिके झाले, आणि विझले.

जिंकले, असं लदिनाला वाटलं. मोठ्याने हसूसुद्धा आलं तिला. ते हसू तोंडावर असतानाच गाउदेंत्सचं बोलणं आठवलं. बस कालपासून बंद आहे... वर फक्त दुरी आहे...

गाडी कशी वळवली आणि फाटकाशी कशी आली, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. गाउदेंत्स बाहेर आला.

"दुरी कुठाय?"

तिने नुसतं वर बोट दाखवलं. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला आपल्या गाडीत बसवलं आणि दिवे लावून तो वर निघाला. ती थांबली होती ते वळण मागे पडलं. त्याच्या वर आणखी दोन वळणं, आणि मग मेंगियाचं वळण. तिथे नारिंगी जीप उभी होती. दिवे चालू. तोंड उताराकडे. समोरच्याला वाट द्यायला कुणी मागे घेऊन लावावी, तशी रुंद जागेत चापून बसवलेली.

गाउदेंत्सने दार उघडलं. दुरी चालकाच्या जागी नव्हता. तो बाजूच्या खुर्चीत होता, पट्टा लावलेला, डोकं काचेकडे कललेलं. गाउदेंत्सने त्याच्या मानेवर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली.

"अंग गरम आहे अजून," तो हळूच म्हणाला. "छातीत कळ आली असणार. उतरायला निघाला होता बघ. पार दोन वळणं खालपर्यंत चाकांच्या ओल्या खुणा आहेत... आणि परत वर आल्यात. परत का आला असेल? तसाच खाली आला असता तर डॉक्टर होता गं, लदिना. अर्ध्या तासात पोचला असता."

अडवलेल्या रस्त्यावर काय उतरून येत होतं आणि कशासाठी, ते लदिनाला लख्ख कळलं होतं. ती बाई नवरा पळवत नव्हती. घरी आणून देत होती.

गाउदेंत्स आता चालकाच्या जागेकडे बघत होता. दुरी सहा फुटांचा माणूस. ती खुर्ची मात्र चाकाला चिकटेल इतकी पुढे ओढलेली होती.

"इतकं पुढे बसून चालवणारी या खोऱ्यात एकच..." तो म्हणाला आणि थांबला. "मी खाली फोन लावतो. तू... तू जरा इकडे ये."

ती गेली नाही. तो आपल्या गाडीकडे वळला आणि धुक्यात पुसट झाला. लदिना दरीच्या बाजूने फिरून चालकाच्या दाराशी आली. लोक येणार होते. गावाने ही खुर्ची पाहिली असती, आणि शेवटी दुरीला घेऊन निघाली होती ती मेंगियाच, असं म्हणायला अख्खं खोरं मोकळं झालं असतं. तेवढं तरी नको. निदान मेलेला तरी तो माझा असू दे. तिने वाकून खालचा दांडा ओढला. खटका सुटला. दोन्ही हातांनी तिने खुर्ची मागे रेटली.

खुर्ची हलली नाही. तिने खांदा लावून रेटलं. खटका सुटलेला असताना रिकामी खुर्ची एका बोटाने सरकते. वर कुणी बसलेलं असेल, तरच ती अशी अडून राहते.

"सरक ना गं," लदिना कुजबुजली. "एवढी तरी जागा..."

तेव्हा भोंगा वाजला. तीन सूर, हाताच्या अंतरावर, अगदी हलके. रस्तेखात्याच्या जीपला तसला भोंगा नसतो.

लदिनाचे पाय एक पाऊल मागे पडले. मग दुसरं. बर्फाने मोडू नयेत म्हणून दुरीने दरीकडचे कठडे त्याच आठवड्यात उतरवून ठेवले होते.

"लदिना," धुक्यातून गाउदेंत्सचा आवाज आला, सांभाळून, झोपेत चालणाऱ्याला हाक मारावी तसा. "थांब तिथेच. मागे जागा नाही."

तिलाही ते ठाऊक होतं. पण सूर काही थांबले नव्हते.