उजवं ब्रॅकेट

तीन आठवडे रात्रपाळी करून माझे डोळे चुरचुरत होते आणि भेटेल त्या माणसाशी भांडायची माझी तयारी होती. अशा मुहूर्तावर, सकाळी दहा वाजता, खिडकीवरचा पडद्याचा रॉड प्लॅस्टरच्या पोपड्यासकट माझ्या अंगावर आला.

दार वाजलं. खालच्या तानपुऱ्याच्या कारखान्यातला कारागीर होता. केसांत लाकडाचा भुसा.

"काय पडलं ओ?"

"माझं नशीब. तुमाला कशाला पायजे?"

"न्हाई... तार लावत हुतो, दचकून हात हलला." तो हसला. "मी मुकुल."

"संयोगिता. फलटणची. नर्स हाय आणि झोपलेली न्हाई."

त्यानं आत येऊन बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक केली, कान लावला. "हितं पोकळ हाय. प्लॅस्टर विटेपासनं सुटलंय. ह्यात खिळा मारला व्हय?"

"मग कशात मारायचा?"

वीतभर सरकून पुन्हा टकटक. "हितं. ही वीट बोलती बघा."

वीट बोलती म्हणे! पण ऐकताना त्यानं डोळे मिटले होते, आणि त्याच्या पापण्या भलत्याच लांब होत्या...

दुसऱ्या दिवशी त्यानं ड्रिल आणलं. आधी करडी भुकटी सांडली, मग लाल. भोकात सागवानाची खुंटी ठोकून त्यानं डावं ब्रॅकेट बसवलं आणि हात झटकले.

"आणि उजवं?"

"खुंटी मुरू दे. उद्या बघू."

उद्या तो आला, मोजमाप घेतलं, चहा प्याला. परवा आला, चहा प्याला, मोजमाप घेतलं. उजवं ब्रॅकेट खिशातच! मीही दार वाजायच्या आधी केस विंचरायला लागले होते, हे कबूल करते.

गुरुवारी तो स्टुलावर चढला आणि दादाचा फोन आला. "शनिवारी न्यायला ये," मी म्हटलं. "राजीनामा देते."

मुकुल तिथंच थबकला. "कुठं चाललाय?"

"घरी. दिवसा तोंडावर ऊन, खालनं तुमची ठोकठोक. काल सलाईन लावताना माझा हात थरथरला. एवढुसं लेकरू हुतं... उद्या काय झालं तर?"

तो खाली उतरला. मान वर होईना. "खुंटी मुरावी लागत न्हाई. दोनी ब्रॅकेटं एकाच दिवशी बसली असती. मला... रोज यायचं हुतं."

इतका संताप आला मला! आणि त्याच वेळी इतका आनंद झाला, की त्याचाही संताप आला.

"आत्ताच्या आत्ता बसवा," मी म्हणाले.

वीस मिनिटांत रॉड चढला. पडदा ओढून तो गेला.

मी झोपले ती थेट चारला उठले. सहा तास, एका कुशीवर. उठल्यावर लक्षात आलं, खालून दिवसभर एक ठोका ऐकू आला नव्हता.

जिना उतरून गेले. तो एकटाच फडक्यानं तानपुरा घासत बसला होता.

"आज काम बंद?"

"न्हाई. आज नुसतं पॉलिश केलं. त्याचा आवाज हुत न्हाई."

मी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला. "दादा, शनिवारी येऊ नको. मी हितंच राहते." मग त्याच्याकडे वळले. "आणि तुमी... पुन्हा असं काम लांबवून यायचं न्हाई."

त्याचा चेहरा पडला. "न्हाई येणार."

"यायचं. पण बिनकामाचं यायचं. मला आवडता तुमी."

त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायचंही त्याला सुचलं नाही.

"कवा येऊ?"

"चारनंतर," मी म्हटलं, "कवाबी."