ओठ पुढे गेले

डबिंगच्या दिवशी कानसेन सर्वांत आधी येत. आले की पंखे बंद करत, खिडक्यांवरचे जाड पडदे ओढत, बाई ज्या खुर्चीवर बसणार तिच्यावर स्वतः बसून ती करकरत नाही ना ते पाहत, आणि मग हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवत. भिंतींनी टाळी गिळून टाकली, मागे काहीच उरलं नाही, की त्यांचा चेहरा खुले. आवाज टिपण्यात सारं आयुष्य गेलेला हा माणूस. "तानसेन व्हायला गळा लागतो," असं ते सांगत, "कानसेन व्हायला नुसतं गप्प बसावं लागतं." तेच नाव त्यांना चिकटलं.

डबिंग सोपं काम आहे. सोपं सांगायला, करायला नव्हे. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, कुणाचं तरी खोकणं, सगळं आवाजात शिरतं. म्हणून नंतर बंद हॉलमध्ये पडद्यावर तोच तुकडा लावतात. फिल्मची दोन टोकं जोडून तिचं कडं करतात, त्याला लूप म्हणायचं. तुकडा संपला की पुन्हा सुरू, संपला की पुन्हा सुरू. नटानं समोर उभं राहून आपल्याच ओठांवर आपलाच आवाज बसवायचा. शब्द उशिरा पडला तर काचेमागून कानसेन म्हणत, "ओठ पुढे गेले." लवकर पडला तर, "ओठ मागे राहिले." कामात याहून जास्त ते बोलत नसत.

त्या दिवशी बाई यायच्या होत्या.

बाईंचं पहिलं काम रंगमंचावरच्या छोट्या राजपुत्राचं. गाण्याच्या ऐन मध्यावर चिकटवलेली मिशी सुटली आणि थेट तोंडात गेली. पोरीनं मिशी गिळली, पण सूर सोडला नाही. प्रेक्षक उभे राहिले. तिथून त्या नाटकात नायिका झाल्या, मग पडद्यावर गेल्या, आणि इतर नट्या दुसऱ्यांच्या गळ्यानं गात असताना या मात्र आपल्याच गळ्यानं गात राहिल्या. निर्मात्यांनी हात जोडले, रुसले, धमक्याही दिल्या. बाईंचं उत्तर एकच. "माझ्या तोंडात दुसऱ्याचा घास चालेल, दुसऱ्याचा आवाज चालणार नाही."

त्यांच्या शब्दोच्चारांची कीर्ती मोठी. एका टीकाकारानं लिहिलं होतं, बाईंचा शब्द शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही ऐकू जातो. बाई ते वाचून पोट धरून हसल्या होत्या. कारण बहिरं माणूस खरोखरच होतं, फक्त पहिल्या रांगेत. त्यांची आई. पाळण्यात असतानाच तापात तिचे कान गेलेले. लेकीचं गाणं ती ओठांवरून वाचायची आणि घरी आल्यावर हिशेब करायची, इथे शब्द खाल्लास, तिथे तोंड नीट उघडलं नाहीस.

हे सगळं कानसेनांना बाईंच्या धाकट्या बहिणीनं, माईंनी, सांगितलेलं. माई बाईंबरोबर सगळीकडे असत. शाल त्यांच्याकडे, औषध त्यांच्याकडे आणि टोमणेही त्यांच्याकडे.

"घ्या कानसेन," दारातूनच माई म्हणाल्या, "आमच्या ताईला आणलंय. गळा घरी राहिलाय, पण तोरा सोबत आहे."

बाई हसल्या, आणि त्या हसण्यातच कानसेनांना कळलं. आवाज खाली बसला होता. हिवाळ्यातल्या आजारपणानं वरचे सूर नेले होते आणि श्वास आखूड केला होता. शूटिंग त्याआधीचं, गाणं मात्र आता भरायचं होतं.

दिग्दर्शक तरुण होता. बाईंना मावशी म्हणायचा आणि त्यांच्यापुढे उभा राहिला की हात कुठे ठेवावेत हे त्याला समजत नसे. "मावशी, घाई नाही," तो म्हणाला. "जमेल तेवढं करू. नाहीच जमलं तर... उद्या एका मुलीला बोलावून ठेवलंय. तुमच्यासारखाच आवाज आहे तिचा. म्हणजे, पूर्वीच्या तुमच्यासारखा."

"पूर्वीची मी बरी होते म्हण ना सरळ," बाई म्हणाल्या. "आजचा दिवस माझा आहे ना? मग लाव."

पडदा उजळला. ओसरीवर बसलेली एक म्हातारी मणी ओवते आहे आणि नातवंडासाठी गाते आहे, एवढाच तो तुकडा.

ओवता ओवता सांज झाली, सांजेला पुरी झाली माळ.

शेवटचा शब्द लांबवर न्यायचा होता. बाई सुरुवातीला छान चालल्या, "सांजेला"पाशी त्यांना धाप लागली आणि "माळ" अर्ध्यात विझली.

"ओठ पुढे गेले," कानसेन म्हणाले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. दिग्दर्शक घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होता.

मग बाईंनी हात वर केला. "कानसेन, मी 'ओवता ओवता'नंतर श्वास घेतलाय का?"

"नाही बाई. तिथे श्वास घेत नाही तुम्ही. कधीच."

"ती घेतेय."

कानसेनांनी काचेतून नीट पाहिलं. पडद्यावरच्या बाईंनी "ओवता ओवता" म्हटलं, ओठ मिटले, खांदे किंचित उचलले आणि सावकाश श्वास घेतला. सकाळी त्यांनीच हा तुकडा तपासला होता. तेव्हा तिथे काही नव्हतं. मग मनाशी म्हणाले, वय झालं, डोळे दमतात. माणसाचे डोळे फसतात म्हणून तर आपण कानावर विसंबतो.

"मावशी, चित्र बदलत नाही," दिग्दर्शक समजावणीच्या सुरात म्हणाला. "फिल्म आहे ती."

"ते मला नको शिकवूस. मी फक्त म्हणते, ती घेतेय तर मीही घेते."

त्यांनी तिथे श्वास घेतला, आणि ओळ पार गेली. पुरी नव्हे, पण "माळ"च्या उंबरठ्यापर्यंत. माईंनी टाळी वाजवली. "बघा, म्हातारी चालायला लागली."

त्यानंतर हॉलमध्ये काहीतरी सैल झालं. चहा आला. बाई खुलल्या. प्रत्येक फेरीला त्या पडद्याकडे अशा पाहत, जसं एखादं मूल फळ्याकडे पाहतं. पडद्यावरची म्हातारी कधी मान हलवून ठेका देई, कधी "सांजेला"आधी भुवई उडवी, सांभाळ, पुढे चढ आहे, असं सांगितल्यासारखी. हे नवीन आहे की आधीपासूनचं, हे आता कानसेनांना शपथेवर सांगता आलं नसतं. आवाज मात्र फेरीगणिक मोकळा होत होता, त्याबद्दल शंका नव्हती. खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत, पण ऊन लागलेल्या दगडासारखा उबदार.

"ताई," माई मध्येच म्हणाल्या, "तू अशी भुवई कधी उडवतेस गं?"

"मी नाही उडवत."

"तेच म्हणते."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग माई खुदकन हसल्या आणि उठून पहिल्या रांगेत, अगदी पडद्यापुढे जाऊन बसल्या.

"यात काय हसायचं?" कानसेनांनी माइकवरून विचारलं.

"काही नाही हो," बाई म्हणाल्या. "आमच्या आईला ही ओळ फार आवडली असती. ती मला माळ म्हणायची."

"माळ?"

"म्हणायचं असायचं बाळ. तुम्ही आरशासमोर उभे राहा आणि सावकाश म्हणा, बाळ, माळ. ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. तिनं शब्द कानानं कधी घेतलेच नाहीत, डोळ्यांनी घेतले. तर मी झाले माळ. गल्लीतली पोरं चिडवायची. आम्ही तिला किती शिकवलं, पण तिला कळायचंच नाही की चुकतंय काय. शेवटी आम्हीच नाद सोडला."

कानसेनांनी काचेत आपलं प्रतिबिंब पाहून ओठ हलवले. बाळ. माळ. खरंच फरक नव्हता.

"घेऊ या?" ते म्हणाले.

लाल दिवा लागला. पडदा उजळला.

बाई गाऊ लागल्या आणि कानसेनांचा हात बटणावरच थांबला. इतकं नितळ त्यांनी बऱ्याच वर्षांत टिपलं नव्हतं. "ओवता ओवता", मग श्वास. "सांज झाली." "सांजेला" चढण चढून वर आलं. "पुरी झाली" सावलीसारखं पसरलं. दिग्दर्शकानं नकळत डोळे मिटले.

शेवटचा शब्द आला.

बाईंचे ओठ मिटले, उघडले. कानसेनांनी पाहिलं, त्यांचा श्वास संपला होता. छाती हलत नव्हती. तोंड नुसतंच उघडं होतं.

हेडफोनमध्ये सूर चालू होता.

तो लांबत गेला, किंचित डगमगत, ज्याला आपण कुठे आहोत हे माहीत नाही पण पोचायचं कुठे ते माहीत आहे, अशा पावलांनी. पडद्यावरचे ओठ मिटले, त्याच क्षणी तो थांबला.

लाल दिवा विझला. बाईंनी धाप टाकली आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. त्या हसत होत्या.

"मावशी," दिग्दर्शक म्हणाला. "त्या मुलीला नको म्हणून सांगतो."

"आधी ऐकू तर या," माई म्हणाल्या.

कानसेनांनी टेप मागे नेली. चित्र आणि आवाज एकत्र सोडले. ओठांवर आवाज असा बसला होता की नखही शिरू नये. शेवटची ओळ आली, शेवटचा शब्द आला.

सांजेला पुरी झाली बाळ.

कानसेनांनी पुन्हा लावलं. बाळ. स्वच्छ, ठसठशीत ब. त्यांनी तारा तपासल्या, दुसरे हेडफोन लावले, पुन्हा ऐकलं. बाळ.

"शब्द चुकला, मावशी," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "माळ हवं होतं."

"ओठांना चालतंय," कानसेन म्हणाले. "बाई, एक विचारतो. तो सूर... तुमचाच ना? कारण तुमचं तत्त्व मला माहीत आहे. दुसऱ्याचा असेल तर मी पुसून टाकतो. अजून दिवस बाकी आहे."

बाई पडद्याकडे पाहत राहिल्या. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर लहान मुलीला बक्षीस मिळावं तसा आनंद होता.

"पुसू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा नाही. घरचाच आहे."

माईंनी पदर तोंडाशी धरला. "ताई, बरोबर म्हणाली गं. पहिल्यांदा."

"हो ना."

दिग्दर्शकाला यातलं काही कळलं नाही, पण गाणं झालं होतं आणि ते सुंदर होतं. तो सगळ्यांसाठी काहीतरी गोड आणायला म्हणून जवळजवळ पळतच बाहेर गेला. बाई जाऊन माईंच्या शेजारी पहिल्या रांगेत बसल्या. कानसेनांनी टेप डब्यात घातली. प्रोजेक्टर बंद केला, लूप काढून खुंटीला अडकवला. पडद्यावर आता नुसतं पांढरं कापड होतं. ते हॉलमध्ये आले आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"नका लावू," बाई मान न वळवता म्हणाल्या. "तिचं बोलणं संपू दे."

कानसेन हात तसाच ठेवून उभे राहिले. अंधुक उजेडात दोघी बहिणी त्या रिकाम्या कापडाकडे टक लावून पाहत होत्या, माना जरा पुढे काढून, जसं कुणी बारीक आवाजात काही सांगत असताना माणसं बसतात. त्यांनी सवयीनं कान टवकारले. पंखे बंद होते, पडदे ओढलेले होते. कुठेही काहीही वाजत नव्हतं.

मग बाई आणि माई, एकमेकींकडे न पाहता, एकाच क्षणी खळखळून हसल्या.