घाटावरच्या बैलाचं पाणी

संघदीप, तो मोबाईल खिशात टाक. उजेड पाहून भूत पळते असं तुले कोणी सांगितलं? उलट तुझं थोबाड त्याले नीट दिसते. पायल, तू बस ऐसपैस टेकून, त्या ताडपत्रीले काही होत नाही. गोष्ट लखीरामच्या शामची हाय. शामला खोटं बोलायची अक्कलच नाही, म्हणून खरी समजा.

सन दोन हजार सहा. दिवाळीनंतरची अमावस्या, आणि तीही सोमवारी आलेली. त्या साली कापसाचे असे हाल, की जिनिंगच्या दाराला कुलूप आणि कुलपावर कोळ्याचं जाळं. जिनिंगचा ट्रक चालवणारा शाम घरी बसला. बायको राखीनं ऊसतोडीला जायचं गाठोडं बांधलं. टोळीची गाडी बुधवारी निघणार होती. अशात नागपूरच्या एका साहेबाचा निरोप आला. डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी त्याला ड्रायव्हर पाहिजे होता. परीक्षा एकच. उमरखेडच्या वाटेवरच्या घाटात रात्रभर खाली-वर फेऱ्या मारायच्या. गाडी थांबवायची नाही, इंजिन बंद करायचं नाही. कोंबडा आरवेपर्यंत टिकला तर नोकरी, नाही तर कोयता.

गाडी लाल, बुटकी, मागं पंख लावलेली. शाम म्हणे, "गाडी हाय का कोंबडी?" पण स्टार्टर मारला आणि ती अशी गुरगुरली की गडी गप.

निघताना आईनं, सुखीबाईनं, पाण्याची कॅन हातात दिली.

"माथ्यावर बैलाले पाणी पाजजो."

"याडी, तिथं थांबायचं नाही हाय."

"ओझं उतरवल्याबिगर बैल पाणी पीत नाही रे. गाडी बंद करजो, उतरजो, शीळ घालजो. मग ओतजो."

घाटमाथ्यावर दगडांचा एक ढीग होता. शामच्या बंजारा तांड्याची जुनी माणसं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून याच चढानं जायची. एक बैल तिथं तहानेनं पडला. गोण्या पाठीवरच राहिल्या, त्या कोणी उतरवल्याच नाहीत. त्याच्यावर तो ढीग. तेव्हापासून तांड्याचं माणूस तिथून जाताना उतरतं आणि पाणी पाजतं.

पायथ्याच्या बंद टपरीपाशी साहेबाचा मेकॅनिक भीमराज बसलेला. शाम खाली आला की हातातल्या बॅटरीचा उजेड दाखवायचा आणि तिथूनच परत फिरवायचं, एवढं त्याचं काम. देव मानत नसे, भूत तर नाहीच नाही.

"तुझ्या बैलाले सांगून ठेव," तो म्हणाला, "रात्रीचं लायसन दाखवा लागते."

पहिला चढ शामनं गाणं म्हणत मारला. ढीग आला. त्यानं गाडी हळू केली, थांबवली मात्र नाही. खिडकीतून कॅन उलटी केली.

"पी बाप्पा! उतरायले टाइम नाही!"

वाऱ्यानं ते पाणी मागं उडालं आणि मागच्या काचेवर फटकन बसलं. शाम हसला. तुम्ही हसता ना, तसाच.

दुसऱ्या चढाला गाडी जड लागली. ट्रकवाल्याला भरलेली गाडी बुडाखालून कळते. त्यानं आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी. पण मागची बाजू दबली होती, कारण समोरचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडत होता.

खाली वळताना भीमराज ओरडला, "अबे, मागं काय भरलं तू?"

"काही नाही!"

"मग बसली काहून इतकी?"

पुढचा चढ. अजून जड. जशी कोणी एकेक गोणी ठेवत जावी. उतारावर तर तो भार पाठीमागून रेटू लागला. ब्रेकवर उभं राहिलं तरी गाडी सरके. काचा बंद होत्या, तरी आत ओल्या कातड्याचा वास आला.

मग घुंगरू.

टण्.

वळणावर एकदा. मग प्रत्येक वळणावर.

थांबावं का? राखीचं गाठोडं आठवलं. कोयता आठवला. रात्र सरत आली होती. एवढी एक फेरी. एवढा एक चढ...

मानेवर ऊन ऊन श्वास आला.

त्यानं आरशात पाहिलं नाही.

माथा जवळ आला. उजेड आता सरळ आभाळात. रस्ता दिसेना. दरी कुठं, कळेना. इंजिन रडायला लागलं. चाकं जाग्यावर फिरू लागली...

शामनं किल्ली फिरवली.

बंद.

अशी शांतता, की स्वतःच्या पापण्या ऐकू याव्या. तो उतरला. कॅनमध्ये तळाला थोडं पाणी उरलं होतं. ढिगापाशी गेला. ओठ मुडपले, शीळ घालायला.

तोंड कोरडं. शीळ येईना.

पुन्हा...

येईना.

आणि मग ढिगाच्या पलीकडून, अंधारातून, कोणीतरी शीळ घातली. लांब. हळू. रोज बैलाला पाणी पाजणाऱ्या माणसासारखी.

शामनं पाणी ओतलं. ते दगडांवर पडल्याचा आवाजच आला नाही. नुसता पिण्याचा.

मागं गाडीच्या स्प्रिंगा करकरल्या. धप्. धप्. एकेक गोणी उतरावी तशी गाडी वर आली.

शाम तिथंच बसून राहिला. खाली वस्तीत कोंबडा आरवला तेव्हा कुठं उठला आणि गाडी पायथ्याशी आणली.

"टिकला ना बे?" भीमराजनं विचारलं. पायथ्यावरून माथा दिसत नाही. हो म्हटलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं असतं?

"थांबलो होतो," शाम म्हणाला. "इंजिन बंद केलं."

बुधवारी तो राखीसंगं ऊसतोडीच्या गाडीत बसला.

ती लाल गाडी साहेबानं पुढं भंगारात काढली. शामनं ती मागून आणली, पण सुखीबाई दारात उभी करू देईना. मग त्यानं ती दुसऱ्याच्या अंगणात लावली. वर ताडपत्री टाकली.

पायल, हळू उठ. हो, हेच अंगण.

ताडपत्री फाटकीच हाय, ओढा. इतक्या वर्षांची धूळ बसली बोनेटवर, मधली तेवढी पट्टी सोडून. जिभेएवढी रुंद, लालचुटूक. शाम म्हणते, त्या पहाटेपासून तिथं धूळ धरतच नाही.

संघदीप, लाव आता तुझा मोबाईल. बोट फिरव.

ओली?

...नाही बे, या खेपेले खोडी माझी नाही. मी तर इथून हाललोच नाही.

बोट चाखून पाहा बरं.

...

खारट हाय ना?