‘येतो’ म्हणून न जाणारा तांडेल

दारात उभे राहून ‘येतो’ म्हणायचे आणि मग जागचे हलायचेच नाही, अशा पाहुण्याला काय म्हणावे? आपण म्हणतो, चिकट. आंबेखोलच्या जेटीवरच्या तांडेलाला मात्र लोक आठवडाभर हट्टी म्हणत होते, आणि ते ऐकले की केतकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खाडीतल्या होड्या उन्हावर चालतात आणि गावोगावी एखादा यंत्रमानव कामाला असतो, त्या काळातली ही गोष्ट. आंबेखोलचा यंत्रमानव म्हणजे तांडेल. खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक दांडा होता आणि तो स्वस्थ बसत नसे. आज इथे, तर उद्या तिथे. तांडेल रोज पाण्यात उतरून खोली मोजायचा आणि होड्यांनी कुठून जायचे ते सांगायचा. गेल्या शिमग्यानंतर केतकीच्या बाबांची होडी त्या दांड्यावर आपटून उलटली, तेव्हा त्यांना ओढून काठावर आणणारा हाच. त्या दिवसापासून तांडेलाबद्दल कोणी वेडेवाकडे बोलले, तर अकरा वर्षांची केतकी त्याची गय करत नसे.

मग खाऱ्या हवेने त्याचा जुना प्रोसेसर (म्हणजे हुकूम एकेक करून पाळणारा यंत्राचा मेंदू) गंजून गेला. किनारा यंत्र खात्याच्या माणसांनी येऊन नव्या जातीचा प्रोसेसर बसवला. तांडेल चालला, बोलला, पोहला. सगळे खूश. संध्याकाळी कोणीतरी त्याला ‘बंद हो’ म्हणाले. आपल्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, म्हणून त्यालाही तसेच शिकवलेले होते. त्याने ‘येतो’ म्हटले, मान खाली घातली, आणि डोळ्यांतले दिवे तसेच जळत राहिले. हाक मारली तर ओ नाही, बटण दाबले तर हालचाल नाही. सकाळी बॅटरी काढून परत घातली तेव्हा कुठे स्वारी उठली. मग रोज हेच सुरू झाले.

गावात गोष्ट लपते थोडीच? एका दुपारी भरतीच्या पाण्यावर खात्याची लाँच आली आणि तिच्यातून तपासनीस धुमाळसाहेब उतरले. लाँचच्या मागच्या भागात एक रिकामा लोखंडी पिंजरा होता. तो कशासाठी, हे कोणी विचारले नाही.

“थांब म्हटल्यावर न थांबणारं यंत्र माणसांत ठेवता येत नाही,” धुमाळसाहेब म्हणाले. “मी एका क्रेनला ‘थांब, थांब’ म्हणून ओरडणारा माणूस पाहिलाय. ती थांबली नाही.”

ते चिडून बोलले असते तर केतकी दुप्पट चिडून बोलली असती. पण त्यांचा आवाज खालचा होता. तांडेल नुकताच पाण्यातून वर आला होता आणि दोर गुंडाळत होता. धुमाळसाहेबांनी सरळ त्याच्या पाठीवरच्या बॅटरीकडे हात नेला. केतकी मध्ये घुसली आणि बॅटरीच्या झाकणाला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला हो, बाळ.”

“नाही होणार.”

“हे खेळणं नाही.”

“माहितीये मला. म्हणून तर नाही होणार.”

एवढ्यात श्रीजाकाकू धावत आली. काकू म्हणजे केतकीच्या काकांची बायको, मूळची केरळची, पेशाने संगणक अभियंता. लग्नाला अजून वर्ष झाले नव्हते. मराठी ती पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे तिचे बोलणे इस्त्री केल्यासारखे असायचे.

“साहेब, ती उद्धट आहे, परंतु तिचे बरोबर आहे,” काकू म्हणाली. “काम करणाऱ्या यंत्राची वीज अशी तोडू नये. यंत्राला दोन स्मृती असतात. एक झटपट, पण ती वाळूवर लिहिल्यासारखी. वीज गेली की पुसली. दुसरी सावकाश, पण दगडावर कोरल्यासारखी. आज मोजलेली खोली अजून वाळूवर आहे. आत्ता बॅटरी काढाल तर उद्याच्या होड्या दांड्यावर चढतील.”

धुमाळसाहेबांनी हात मागे घेतला. माणूस अडेलतट्टू नव्हता, एवढे कबूल करायला हवे. “मग रीतीनं सांगू,” ते म्हणाले. “तांडेल, बंद हो. आणि काय करतोस ते मोठ्यानं सांगत जा.”

“बरं,” तांडेल म्हणाला. “चालू असलेल्या सगळ्या कामांना सांगतो, की आवरा. दोर गुंडाळणारं काम आवरलं. खोली मोजणारं आवरलं. गाणं गुणगुणणारं ऐकत नाही. थोडा थांबतो. अजून ऐकत नाही. त्याला जबरदस्तीनं थांबवलं. वाळूवरचं सगळं दगडावर कोरलं. आता पाय बंद, हात बंद, कान बंद.” मग त्याने मान खाली घातली. “येतो.”

डोळे जळतच राहिले. केतकीने मनात देवाला हाक मारून पाहिली, पण तांडेल जिथल्या तिथे उभा होता.

“पाहिलंत?” धुमाळसाहेब म्हणाले. “हे हट्टी यंत्र आहे, आणि हट्टी यंत्र भंगारात जातं. ओहोटी लागली की लाँच गाळात बसेल. त्याआधी याला पिंजऱ्यात चढवा.”

केतकी तांडेलाच्या पायांवर बसली आणि तिने दोन्ही हातांनी त्याचा गुडघा कवटाळला. “तांडेल हट्टी नाही,” ती म्हणाली. “हट्टी मी आहे. न्यायचं असेल तर मला पण पिंजऱ्यात घाला.”

काकू झाकण उघडून आत पाहत होती. तिच्या कपाळावर आठ्या होत्या. “सगळे तर ठीक आहे गं,” ती पुटपुटली. “नवा मेंदू उत्तम चालतो आहे. मग हा अडतो कुठे?”

जेटीला लागूनच आजोबांचे जाळ्यांचे आणि दोरखंडांचे दुकान होते. तिथून आजोबांनी हाक मारली, “सूनबाय, दुकान वाढव गो! आता कोण गिऱ्हाईक येणार?”

केतकीच्या डोळ्यांत पाणी होते, तरी तिला हसू फुटले. काकू घरात नवी होती तेव्हाची गोष्ट तिला आठवली. आजोबांनी असेच ‘दुकान वाढव’ सांगितले होते. मराठी माणूस दुकान ‘बंद’ करत नाही, ते अशुभ वाटते. तो दुकान ‘वाढवतो’. हे पुस्तकात कुठे असणार? काकूने बिचारीने पदर खोचून पिंपे, नांगर, जाळ्यांचे गठ्ठे सगळे ओढून रस्त्यावर मांडले. दुकान पार रस्त्याच्या मध्यापर्यंत वाढले, रिक्षा अडल्या, आणि काकू घाम पुसत विचारते, “अजून किती वाढवू?” आजोबांनी कपाळाला हात लावला होता.

केतकीचे हसू अर्ध्यावरच थांबले.

“काकू, तेव्हा तू हट्टीपणा केलास का गं?”

“कधी? दुकानाच्या वेळी? मी कशाला हट्टीपणा करू? मला सांगितले तेच मी केले.”

“मग यानंही तेच केलं असेल. मेंदू नवा आहे ना त्याचा? सगळं कळलं असेल, फक्त शेवटचा शब्द कळला नसेल.”

काकूने झाकणातून डोके बाहेर काढले. मग तिने पिशवीतला संगणक काढून जेटीवरच बैठक मारली.

“यंत्राच्या आत एक कर्नेल असतो,” ती म्हणाली.

“सैन्यातला?”

“तो कर्नल. हा कर्नेल, म्हणजे सगळ्या कामांवर देखरेख करणारा गाभा. त्याचे दोन भाग असतात. मोठा भाग सगळ्या यंत्रांत सारखा. कामांना आवरायला सांगा, वाट बघा, ऐकले नाही तर थांबवा, स्मृती कोरून ठेवा; हे कुठेही असेच. दुसरा भाग लहान, आणि तो ज्या त्या मेंदूच्या जातीप्रमाणे वेगळा लिहावा लागतो.”

“म्हणजे घरोघरचे शब्द.”

“बरोबर. आता बघ, हा एकाच वेळी दोर गुंडाळतो आणि गातो असे आपल्याला वाटते. खरे तर मेंदूचा एक भाग एका क्षणाला एकच काम करतो, पण कामे इतकी भराभर बदलतो की आपल्याला कळत नाही. बदलताना अर्धवट कामाचे सामान मेंदूच्या कप्प्यांतून काढून बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्याचे भरायचे. जुन्या मेंदूला कप्पे कमी होते, नव्याला जास्त आहेत. म्हणून ही अदलाबदल नव्याने लिहावी लागते. ती खात्याच्या माणसांनी नीट लिहिली आहे. म्हणूनच हा चालतो, बोलतो.”

“आणि शेवटचं?”

काकूने पडदा तिच्याकडे वळवला. “हे बघ. सगळे आवरल्यावर वीज तोडण्याचा हुकूम. मेंदूखालच्या जुन्या पाटावर, म्हणजे सर्किट बोर्डवर, एक तार होती, तिला इशारा दिला की वीज तुटायची. नव्या पाटावर ती तारच नाही. इथे वीज सांभाळणारी वेगळी चिप आहे आणि तिला वेगळ्या शब्दांत सांगावे लागते. हा बिचारा नसलेल्या तारेला इशारा देतो. काही घडत नाही. पुढे करायला काही उरलेलेही नसते, म्हणून मनातल्या मनात त्याच जागी गोल गोल फिरत बसतो. हाक कशी ऐकणार? कान तर त्याने आधीच बंद केले.”

आठवडाभर लोक ज्याला हट्टी म्हणत होते, तो सगळी आवराआवर करून दारात उभा होता, आणि कोणी दार उघडत नव्हते.

“हे नवा मेंदू बसवणाऱ्यांना कसं दिसलं नाही?” धुमाळसाहेबांनी विचारले. ते कधी जवळ येऊन उभे राहिले ते दोघींना कळले नव्हते.

“यंत्र सुरू होतं का, ते सगळेच बघतात,” केतकी म्हणाली. “बंद नीट होतं का ते कोण बघतो? तुम्ही तरी कुठं बघितलंत? तुम्ही पिंजरा घेऊन आलात.”

काकूने “केतकी” म्हणून दटावले. धुमाळसाहेबांनी एकदा पाण्याकडे पाहिले. पाणी अजून चढलेलेच होते. “करा दुरुस्त,” ते म्हणाले. “लाँच थांबेल तोवर थांबेन.”

आता सगळे कोरलेले होते, तेव्हा बॅटरी काढायला हरकत नव्हती. काकूने ती काढली, जुन्या तारेचा हुकूम पुसला, नव्या चिपचा लिहिला, गाभा पुन्हा बांधून तांडेलात भरला. आजोबांनी चहा पाठवला. तो निवून गेला तरी कोणी प्यायले नाही. जेटीच्या पायऱ्यांवर ओली रेघ दिसू लागली. पाणी उतरायला लागले होते. लाँचवाल्याने दोनदा भोंगा वाजवला.

काकूने बॅटरी परत घातली आणि तांडेल उठला. धुमाळसाहेबांनी स्वतः सांगितले, “तांडेल, बंद हो.”

कामे आवरली. गाण्याने या वेळीही ऐकले नाही आणि त्याला जबरदस्तीने थांबवावे लागले. पाय, हात, कान. तांडेलाने मान खाली घातली.

“येतो.”

आणि डोळ्यांतले दिवे गेले.

दुपारभर केतकीला हेच तर हवे होते. पण ते काळे डोळे समोर आले आणि तिचा जीव घाबराघुबरा झाला. तिने धावत जाऊन बटण दाबले. आत कुठेतरी बारीक गुणगुण सुरू झाली. डोळे आधी मिणमिणले, मग उजळले.

“आलो,” तांडेल म्हणाला.

केतकी त्याच्या लोखंडी पोटात तोंड खुपसून ढसाढसा रडली, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

धुमाळसाहेब रिकाम्या पिंजऱ्याकडे बघत होते. “आमच्या आवारात अशी बरीच यंत्रं भंगारात जायची वाट बघत उभी आहेत,” ते सावकाश म्हणाले. “ती क्रेनसुद्धा. प्रत्येकावर एकच शिक्का, हट्टी. कदाचित काही खरोखर बिघडलेली असतील.”

“आणि काहींना शेवटचा शब्द कोणी सांगितलाच नसेल,” केतकी डोळे पुसत म्हणाली. “बघितल्याशिवाय कसं कळणार? चल काकू, संगणक घे.”

“आत्ता?”

“मग कधी? ओहोटी लागलीये.”

काकूने आजोबांकडे पाहिले. आजोबा दुकानाच्या पायरीवर उभे राहून सगळे ऐकत होते. “जा गो,” ते म्हणाले. “दुकान मी वाढवतो.”

केतकीने लाँचमध्ये उडी मारली, काकू मागोमाग आली, आणि पिंजऱ्यात बसायला जागा बरी होती म्हणून दोघी तिथेच बसल्या. दार उघडेच होते. जेटीवर तांडेल दोर सोडत होता.

“तांडेल,” केतकी ओरडली, “येते!”

“ये,” तांडेल म्हणाला, आणि दांडा आज कुठे आहे ते त्याने हात करून दाखवले.