पट्टी सोडायचा दिवस

ती लावरी काजलची व्हायच्या आधीच महिपतचा पाय तिच्यावर पडला.

नव्व्याण्णव सालची म्हसा गावची जत्रा. घोंगड्यांच्या दुकानांच्या ओळीत ती माझ्या पायांशी येऊन दबली. मुठीएवढं पाखरू, वाळक्या गवताच्या रंगाचं, कुणा म्हाताऱ्याच्या जाळीतून सुटलेलं. लावरी घाबरली की थोडं पळते, मग असेल तिथे मातीला चिकटून बसते आणि दिसेनाशी होते. मला दिसली, कारण मला सगळंच दिसतं. काजलचा हात माझ्या हातात होता. मी तिला थांब म्हणेपर्यंत मागून एक खाकी पँट आली, आणि…

"अरे—" तो म्हणाला. पाय उचलला आणि तसाच एका पायावर उभा राहिला.

एसटीचा कंडक्टर होता. खांद्याला पैशांची पिशवी, हातात अर्धा चहा. लावरी विकणारा म्हातारा आला, त्याने तिला पंखाला धरून उचलली, लोंबणारा पाय बघितला आणि शिजवून खा म्हणाला. काजलने रडायला तोंड उघडलं. साडेचार वर्षांची माझी लेक आवाज न करता रडते, तिचे बाबा गेल्यापासून. ते कंडक्टरलाही दिसलं. त्याने घासाघीस न करता म्हाताऱ्याला पैसे दिले आणि लावरी ओंजळीत घेऊन माझ्याकडे बघत राहिला.

"मला ड्युटी हाय," तो म्हणाला. "तुमी ठेवाल का? मी मुरबाड-किन्हवली गाडीवर असतो. रोज इचारायला येईन."

"रोज?"

"पाय माजाच पडलाय ना."

काजलने फ्रॉकचा ओचा पसरला होता. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्याच्याच गाडीच्या वाटेवरचा आमचा फाटा सांगितला.

घरी सासूबाईंनी, बाईजाआईंनी, पाय चाचपला आणि जगायची नाय म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांनी खूप जीव जाताना बघितले होते, त्यांतला एक त्यांचा मुलगा. काजलच्या बाबांना रविवारी ताप आला. मी म्हटलं, साधा आहे, उतरेल. बुधवारी ते गेले. बी.ए. झालेली मी, तापाचा आकडा वहीत लिहून ठेवणारी. त्या दिवसापासून माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून मी बघत राहते. काजलची छाती हलते का, जीभ पांढरी आहे का, शी पातळ आहे का. त्यात आता ही लावरी. ती जगली, तर काहीतरी माझ्या हातून वाचू शकतं, एवढं तरी कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी अकराची गाडी फाट्यावर थांबली. आमचं घर फाट्याला लागूनच. महिपत सकाळी ड्युटीवर चढायच्या आधी मुरबाडच्या गुरांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आला होता. थंड पेयाची प्लास्टिकची नळी, कापूस, चिकटपट्टी, सगळं पिशवीतून काढलं. नळीला उभा छेद द्यायचा, आत कापूस, ती बसल्यावर पाय ठेवते तसा तो ठेवून वरून पट्टी.

"आणि किती दिवस?"

"एकवीस," तो म्हणाला. "एकविसाव्या दिवशी सोडायची."

मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला.

बिस्किटांच्या खोक्यात राख आणि माती घातली. भिजवलेली नाचणी, बशीत पाणी, आणि काजल कुडाच्या पोखरलेल्या मेढीतून, खांबातून, वाळवी गोळा करून आणायची. तिने नाव ठेवलं भिंगरी. भिंगरी दिवसभर एका कुशीवर बसून असे, आणि मी खोक्याशी. डोळा ओला आहे ना, विष्ठा हिरवी नाही ना, नाचणी किती कमी झाली. अकरा वाजायला आले की मी केस सारखे करत असे, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. सासूबाईंना आधी कळलं असणार. त्यांची नजर अधू, पण कान चांगले, आणि फणीचा डबा उघडताना वाजतो.

गाडी दोन मिनिटं थांबायची. तेवढ्यात सगळं.

"खाल्लं का?" तो पायरीवरून विचारायचा.

"कुणी? तिनं की मी?"

"दोघींनी."

"दोघींनी खाल्लं. तुम्ही?"

"माजी इचारपूस कोन करतंय…"

"मी केली ना आत्ता."

त्यावर त्याने घंटीची दोरी ओढली आणि दार लावायचंच विसरला. गाडी उघड्या दाराने वळणापर्यंत गेली. पुढच्या सीटवर हौसा बसायची, वाडीतली म्हातारी, रोज किन्हवलीला भाजी घेऊन जाणारी. तिने महिपतला सगळ्यांदेखत विचारलं, कंडक्टर हायेस का पाखरांचा डाक्टर? तो म्हणाला, हौसाआजी, तुजा गुडघा दुखतो तो पण बघू का? गाडी हसली. मीही हसले असेन, कारण काजल माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती.

नवव्या दिवशी भिंगरीच्या डोक्यावर रक्त दिसलं.

मी खोकं तपासलं, उंदीर नाही, मांजर नाही. मग समोर बसून राहिले. अकराला पाच मिनिटं कमी असताना वळणावर हॉर्न वाजला. ड्रायव्हर भगीरथदादांचा तो लांबलचक हॉर्न, जो ऐकून वाडीतली माणसं धावत सुटतात. आणि भिंगरी बाटलीचं बूच उडावं तशी सरळ वर उडाली. डोकं खोक्याच्या झाकणावर आपटलं. खाली पडली ती मोडक्या पायावर.

म्हणजे रोज, तो येतोय म्हणून मी केस सारखे करत होते तेव्हा, ती आत अशी आपटत होती.

"उद्यापासून नका येऊ," मी फाट्यावर म्हटलं.

त्याच्या हातातला तिकिटांचा चिमटा तसाच राहिला. "काय चुकलं?"

मी सांगितलं. त्याने एकदा गाडीकडे बघितलं, एकदा घराकडे. मग भगीरथदादांच्या खिडकीशी गेला.

मी झाकण कापून टाकलं आणि त्या जागी काजलचं जुनं दुपटं ताणून बांधलं, म्हणजे उडाली तरी मऊ लागेल. दुसऱ्या दिवशी गाडी हॉर्न न वाजवता आली. तिघांची गाडी चुकली, आणि हौसा टोपलीसकट धावत येऊन महिपतला असं काही बोलली, की ते मला इथे लिहिता येत नाही. मग तिसऱ्या दिवसापासून तो वळणावर उतरायला लागला. गाडी मागून हळूहळू यायची, आणि तो पुढे पळत वाडीत ओरडत सुटायचा, गाडी आली, गाडी आली. घराघरावरून पळत शेवटचं घर आमचं. तिथे ओरडायचा नाही. दारात वाकून, धापा टाकत, हळू आवाजात विचारायचा,

"उडाली?"

"नाही."

"बरं…"

त्या एका 'बरं'साठी तो किती पळाला होता, ते त्याच्या सदऱ्यावरून दिसायचं. मी पाण्याचा तांब्या तयार ठेवायला लागले. सासूबाई आतून म्हणायच्या, गूळ पण दे गो, रिकामं पानी नको.

आणि भिंगरी सुधारत होती. डोक्यावरची जखम सुकली. एका पायावर का होईना, उठून दाण्यापर्यंत जायला लागली. मला झोप लागायला लागली.

अठराव्या दिवशी तांब्या परत देताना तो म्हणाला, एक तारखेपासून माजी ड्युटी कल्याणच्या गाडीवर लागलीय. सहज म्हणाल्यासारखं. मी पण सहज बरं म्हटलं. मग आत जाऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले. गोल केलेल्या तारखेनंतर महिना संपायला फार दिवस उरत नव्हते.

एकविसावा दिवस आला. कात्री काढून ठेवली होती. भिंगरीला ओंजळीत घेतलं, पट्टीचं टोक सापडलं, आणि मी तिला परत खोक्यात ठेवली. अकरा वाजता त्याला म्हटलं, अजून कच्चं वाटतंय. त्याने मान हलवली. बाविसाव्या दिवशी म्हटलं, उद्या बघू. तेविसाव्या दिवशी त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत मी भिंगरीची नाचणी बघितली, डोळा बघितला, विष्ठा बघितली. पाय बघितला नाही.

चोविसाव्या दिवशी काजल खोक्याशी बसली होती. "आई," ती म्हणाली, "तिची बोटं जाड झाली."

मी दुपटं उचललं. पट्टीखालची बोटं फुगली होती, निळसर काळी. पट्टी कातडीत रुतली होती. मला सगळं दिसतं, आणि हे मला साडेचार वर्षांच्या पोरीने दाखवलं. पुन्हा तोच बुधवार आला होता.

एका हाताने धरून दुसऱ्याने कापणं जमेना, ती झटके देत होती. सासूबाईंना पट्टी दिसत नव्हती. मी ओंजळीत भिंगरी आणि कमरेला कात्री खोचून फाट्यावर धावले, मागे काजल. गाडी तेवढ्यात येऊन थांबली होती. मी सरळ आत चढले.

महिपतने पाय बघितला आणि भगीरथदादांना सांगितलं, गाडी बंद करा, थरथर नको. इंजिन बंद झालं. हौसाने आपली टोपली उचलून पुढची सीट मोकळी केली. तो खाली गुडघ्यांवर बसला, भिंगरीला दोन्ही हातांत अशी धरली की फक्त पाय बाहेर राहिला. मी कात्रीचं टोक पट्टीखाली सरकवलं. गाडीतलं कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पट्टी सुटली. नळी निघाली. हाड सरळ जुळलं होतं, छान जुळलं होतं. पण खालची बोटं मेल्यासारखी.

"एवढी कशी रुतली?" त्याने हळू विचारलं. "एकविसाव्या दिवशी कच्चं होतं म्हनालात ना?"

"कच्चं नव्हतं."

त्याने वर बघितलं.

"मी मुद्दाम नाही सोडली," मी म्हटलं. आवाज लहान ठेवायचा प्रयत्न केला, पण बंद गाडीत आवाज लहान होत नाही. "सोडली असती तर… तुम्ही दारात येऊन काय विचारलं असतं?"

तो पुन्हा पायाकडे बघायला लागला. मग म्हणाला, "दवाखान्यात त्यांनी पंधरा दिवस सांगितले होते."

"काय?"

"पंधरा. मी एकवीस सांगितले."

मला राग आला. खरा राग, कान तापेपर्यंत. माझ्या चार ओळींच्या बोलण्यापेक्षा हिचा पाय स्वस्त झाला होता. आणि त्याच्याही. मी काही म्हणणार, तेवढ्यात हौसाच म्हणाली, "दोगांनी मिळून पाखराचा जीव घेतला असता. बोलायला काय तिकीट लागतं का रे तुमाला?"

कुणी हसलं नाही. महिपतने मान खाली घातली, तो पाय ओठांजवळ नेला आणि त्यावर तोंडाची ऊब सोडायला लागला. हळूहळू, थांबून, पुन्हा. मी एका बोटाने बोटं चोळत होते, टोकाकडून वर, बाळाला चोळतात तशी. त्याचा श्वास माझ्या बोटांवर येत होता. भगीरथदादांनी घड्याळ बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

"काजल माझ्याबरोबर असेल," मी त्याच्याकडे न बघता म्हटलं. "मी जाईन तिथे. आणि आईंना मी एकटं टाकणार नाही."

"मला येगळं कुनी सांगितलंय?" तो म्हणाला. पुन्हा ऊब सोडली. "सोमवारी सुट्टी हाय माजी. मी येतो. पाखराला बगायला नाय… आईंना इचारायला. पन तुमी आदी सांगा. मी इचारू का?"

मी बोटं चोळत राहिले. तेवढ्यात बोटाखाली काहीतरी झालं. मधलं बोट, अगदी किंचित, आत वळलं. मग त्याच्या शेजारचं. भिंगरीने माझ्या बोटाचं टोक पकडलं होतं. जोर नव्हता, पण पकडलं होतं.

"विचारा," मी म्हटलं.

त्याने ऐकलं की नाही कळेना, कारण तो बोटांकडेच बघत होता. मग त्याचे कान लाल झाले, तेव्हा कळलं.

गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. आम्ही फाट्याच्या दगडावर उन्हात बसलो, भिंगरी माझ्या ओंजळीत, काजल मला चिकटून. सासूबाई काठी टेकत आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे. त्यांनी पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला.

"सोमवारी जेवून जा म्हनावं," त्या म्हणाल्या. "आनि सांग त्याला, नात माज्या डोळ्यांसमोर मोठी व्हायला पायजे. बाकी मला काय नको."

मी मान हलवली. रडणार होते, पण त्याआधी काजलने माझी हनुवटी धरून तोंड खाली वळवलं.

"आई, तिसरं पण हललं," ती म्हणाली. मग बोटं मोजली, मागचं छोटं सोडून तिन्ही. आणि मोठ्या आवाजात, गाडी गेली त्या रस्त्याकडे बघून ओरडली, "तिसरं पण हललं."