लेखक तुमचे कोण?

प्रकाशनाच्या दारात शववाहिका उभी राहिली आणि सगळी गल्ली खिडक्यांत जमा झाली. खालचा सायकल दुरुस्तीवाला तर हातातलं चाक सोडून उभाच राहिला. वरच्या मजल्यावरून कात्री धावत जिना उतरली.

"कोण... कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," गाडीतून उतरत चालक म्हणाला. "मी आलोय." आणि छातीशी धरलेली जाडजूड वही त्याने पुढे केली.

कात्रीला आधी हायसं वाटलं, मग राग आला, आणि मग — खोटं कशाला बोला — हसूच फुटलं.

"गाडी जरा लांब लावता येत नव्हती?"

"लांब लावली की तिथली माणसं घाबरतात. कुठेतरी लावायलाच हवी ना!"

कात्री ही या प्रकाशनातली संपादक. लांबलेली वाक्यं दिसली की तिचा हात शिवशिवायचा, म्हणून बाईंनी हे नाव ठेवलेलं. बाई म्हणजे प्रकाशनाच्या सर्वेसर्वा, पण कुणी मालकीण म्हटलं की खवळायच्या. दोन खोल्या, एक डुगडुगणारं टेबल आणि भिंतभर पुस्तकं. पण काय पुस्तकं, बाई गं! तुरुंगातल्या पहारेकरणीचं, गटारात उतरणाऱ्या कामगाराचं, बोलता न येणाऱ्या शिंपिणीचं. 'हे कोण वाचणार?' म्हणून मोठ्यांनी ज्यांना दारातूनच वाटेला लावलं, त्यांना इथे खुर्ची मिळायची. हे बोलायला सोपं आहे हो, बाईंनी ते अठरा वर्षं करून दाखवलं होतं.

चालकाची वही कात्रीने एका बैठकीत संपवली. त्यात मेलेल्यांपेक्षा जिवंतांचंच जास्त होतं. बायकोला पोचवायला निघालेले एक आजोबा त्याला म्हणाले होते, "जरा हळू घ्या, तिला गाडी लागते." ते वाचून कात्री हसली, आणि पुढच्याच ओळीला तिच्या डोळ्यांना धार लागली.

मग शंका विचारायला म्हणून तिने त्याला बोलावलं. एका बुधवारी, मग दुसऱ्या, मग दर बुधवारी. शंका कधीच संपल्या होत्या, पण हे दोघांपैकी कुणी बोलायला तयार नव्हतं!

"तुम्ही स्वतःबद्दल काहीच नाही लिहिलं," एकदा ती म्हणाली.

"काय लिहू? माझ्या शेजारी जिवंत माणूस बसतच नाही."

"मग आत्ता कोण बसलंय?"

त्याने वहीत मान घातली... कान मात्र लालबुंद झाले होते.

त्याच दिवशी त्याने आईचं सांगितलं. "शेजारणींना सांगते, मुलगा सरकारी गाडी चालवतो. कसली गाडी, ते सांगत नाही. म्हणाली, पुस्तक आलं तर एकेकीला नेऊन दाखवीन." चार प्रकाशकांनी वही परत केली होती. हे पाचवं दार.

बाईंच्या प्रकाशनाचा नियम कडक होता. पुस्तक घ्यायचं तर दोन वाचकांचा होकार हवा, आणि प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचा. ओळखीपाळखीने इथे काही छापलं जात नसे. म्हणून कागदाच्या शेवटी एक प्रश्न असायचा : लेखक तुमचे कोण? बाईंचा होकार आला होता. कात्रीने दोन पानं भरून कौतुक लिहिलं आणि शेवटच्या प्रश्नाशी आली. आजवर शंभरदा तिने तिथे 'कोणी नाही' असं खरडलं होतं. आज पेन उचलेना. दोन शब्द लिहिले की त्याचं पुस्तक झालं. पण ते खोटं असतं, आणि बाईंच्या कागदावर खोटं लिहायची तिची छाती नव्हती.

ती कागद घेऊन बाईंसमोर उभी राहिली. बाईंनी मोकळी जागा पाहिली, मग तिचा चेहरा पाहिला.

"दिवे लावलेस!" बाई म्हणाल्या, पण आवाज मऊ होता. "तुझं मत बाद. वही आता मुख्याध्यापिकाबाईंकडे."

प्रकाशनाच्या तिसऱ्या वाचक, निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, एकेका वहीला चार महिने लावायच्या, आणि होकार द्यायच्या तो दहांतल्या एकाला.

बुधवारी तो आला. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं : मत बाद, चार महिने, आणि नकारही येऊ शकतो.

"बाद का? आवडलं नव्हतं?"

"आवडलं होतं हो! ओळखीच्या माणसाला मत देता येत नाही."

"आपली ओळख तर पुस्तकामुळेच झाली. लिहायचं ना, कोणी नाही."

"नाही लिहवलं," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी तिने ते त्याच्यावरून काढले नाहीत. "तुमच्या पुस्तकाचं वाटोळं केलं मी. पण तुम्ही माझे कोणी नाही, हे... नाही लिहवलं मला."

खाली सायकलची घंटा कुणीतरी वाजवून पाहत होतं. मग टेबलावरचा तिचा हात त्याने हळूच आपल्या हातात घेतला.

"आई दारातच उभी असेल. काय झालं विचारेल. काय सांगू?"

"सांगा, पुस्तकाचं अजून ठरायचंय."

"आणि बाकीचं?"

कात्रीने नाक पुसलं. हात काही सोडवून घेतला नाही.

"बाकीचं ठरलंय म्हणावं."